निरोगी जनावरांचा सर्जन

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



काल याच मंचावर सुगम संगीताचा सुंदर कार्यक्रम झाला, उद्या आपल्या चिमुकल्यांचे नाच आहेत. मधल्या दिवशी कार्यकर्त्यांनी मला उभं केलं आहे, आणि माझा विषय म्हणजे मेंढ्या, डुकरं, ससे आणि उंदीर! त्यातला उंदीर तरी बाप्पांच्या पायाशीच बसलेला आहे, तेव्हा विषय अगदीच परका नाही असं समजून आपण ऐकून घ्याल, अशी आशा आहे.

मी पशुवैद्यक आहे. कॉलनीत बरेच जण मला 'कुत्र्यामांजरांचे डॉक्टर' म्हणून ओळखतात आणि रविवारी सकाळी कुणी ना कुणी आपला लाडका प्राणी घेऊन दारात उभा असतो. तेही मी आनंदाने करतो. पण माझी पोटापाण्याची नोकरी वेगळी होती. नवीन औषध, हृदयाची झडप, रक्तवाहिनीत बसवायचा स्टेंट, मोडलेल्या हाडात भरायचं नवं द्रव्य, या सगळ्या गोष्टी माणसाला देण्याआधी प्राण्यांमध्ये तपासल्या जातात. या टप्प्याला 'प्रीक्लिनिकल' म्हणतात. तिथे प्राण्यावर शस्त्रक्रिया करणारा, त्याला भूल देणारा आणि नंतर त्याची शुश्रूषा करणारा कुणीतरी लागतो. जवळजवळ तीस वर्षं मी तो 'कुणीतरी' होतो.

मला दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. तरुण मुलं विचारतात, "काका, यात करिअर आहे का?" आणि वडीलधारी मंडळी जरा थांबून विचारतात, "अरे, तू जनावरं बरी करायला शिकलास ना? मग धडधाकट जनावरावर सुरी कशी चालवतोस?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देतो. दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तोच घेतो. त्यासाठी आपल्या देशातलीच एक हकिगत सांगावी लागेल.

आपल्याकडे लहानपणी घसा सुजून येणाऱ्या संधिवाताच्या तापाने हजारो मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब होतात. हा बहुतेक गरिबाघरचा आजार. खराब झडप काढून कृत्रिम झडप बसवता येते, पण १९७०च्या दशकात ती परदेशातून यायची आणि तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. त्या वेळी तिरुवनंतपुरमला डॉ. एम. एस. वलियाथन यांनी श्री चित्रा संस्थेत भारतीय झडप बनवायचं मनावर घेतलं. त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या पूजप्पुरा इथल्या सॅटेलमंड पॅलेसमध्ये त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. १९८० साली संसदेच्या कायद्याने श्री चित्रा तिरुनाल ही राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली.

झडप दिसायला साधी. धातूची एक गोल चौकट आणि तिच्यात कलणारी एक तबकडी. पण तिला मिनिटाला सत्तर म्हटलं तरी वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त वेळा उघडमीट करावी लागते, तीही रक्तात आणि गुठळी न होऊ देता. पहिल्या नमुन्यात टायटॅनियमची चौकट आणि प्लॅस्टिकची तबकडी होती, तिथे जोडकामाने दगा दिला. दुसऱ्यात कृत्रिम नीलमण्याची, म्हणजे सफायरची तबकडी घेतली, तर तिने टायटॅनियमच झिजवलं. तिसऱ्यात चौकटीसाठी कोबाल्टचा कठीण मिश्रधातू घेतला आणि तबकडी नीलमण्याचीच ठेवली. यंत्रावरच्या झिजेच्या चाचणीत ही जोडी चांगली ठरली. मग ती मेंढ्यांमध्ये बसवली. मेंढ्या उठल्या, चरू लागल्या. आणि काही महिन्यांनी एक मेंढी मेली. शवविच्छेदन केलं तेव्हा कळलं की तबकडीच तडकून फुटली होती.

मंडळी, इथे क्षणभर थांबा. यंत्राने ती झडप पास केली होती. मेंढीने नापास केली. ती मेंढी नसती तर ती तबकडी कुणाच्या तरी मुलाच्या छातीत फुटली असती. वर्षानुवर्षांची मेहनत बाजूला ठेवून त्या लोकांनी चौथा नमुना केला. चौकट त्याच मिश्रधातूच्या एका सबंध तुकड्यातून कोरलेली, म्हणजे जोडच नाही, आणि तबकडी अतिशय चिवट अशा पॉलिएथिलीनची. ती यंत्रावर ३५ कोटींहून अधिक वेळा उघडमीट करून टिकली, मेंढ्यांमध्ये टिकली, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. 'टीटीके चित्रा' या नावाने ती आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना बसवली गेली आहे. प्लॅस्टिकच्या तबकडीमुळे तिचा आवाजही मऊ येतो. ज्यांच्या छातीत धातूची झडप रात्रंदिवस टिकटिक करते त्यांना विचारा, हे सुख काय असतं ते! डॉ. वलियाथन २०२४ साली गेले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांच्यावर लेख आले आणि ते यायलाच हवे होते. त्या मेंढीचं नाव मात्र कुठे नाही.

माझ्या धंद्याचं मर्म मी या हकिगतीत पाहतो. त्या मेंढीच्या मृत्यूला अर्थ कशामुळे आला? तिला भूल नीट दिली होती, शस्त्रक्रिया नीट झाली होती, नंतरची काळजी नीट घेतली होती, आणि मेल्यावर कुणीतरी तिची छाती उघडून बारकाईने पाहिलं, म्हणून. समजा सर्जनने टाका चुकीचा घातला असता, किंवा जखम चिघळली असती, तर मेंढी तरीही मेलीच असती. पण मग दोष झडपेचा की हाताचा, हे कुणालाच कळलं नसतं. एक जीव गेला असता आणि हाती काहीच लागलं नसतं. हे होऊ न देणं, हीच आमची नोकरी.

हे काम किती मोलाचं आहे, हे अमेरिकेत एका माणसाने फार पूर्वी दाखवलं. व्हिव्हियन थॉमस हा कृष्णवर्णीय तरुण, व्यवसायाने सुतार. शिकून डॉक्टर व्हायची इच्छा होती, पण मंदीत बँक बुडाली आणि साठवलेले पैसे गेले. १९३० साली डॉ. ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस म्हणून लागला. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये जन्मतः निळ्या पडणाऱ्या बाळांसाठीची शस्त्रक्रिया त्याने कुत्र्यांवर करकरून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या मुलीवर पहिल्यांदा ती करताना ब्लॅलॉक यांनी त्याला आपल्या मागे स्टुलावर उभं केलं आणि त्याला विचारत विचारत टाके घातले. थॉमसला मानद डॉक्टरेट मिळायला १९७६ साल उजाडलं. या शस्त्रक्रियेतून दीर्घकाळ जगलेली पहिली कुत्री 'ॲना'. तिचं तैलचित्र त्या संस्थेत लावलेलं आहे. ही गोष्ट मला फार आवडते.

आणि परदेशच कशाला? मी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा विद्यार्थी, १८८६ साली सुरू झालेलं आमचं कॉलेज. हाकेच्या अंतरावर केईएम. तिथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी कुत्र्यांवर हृदयरोपणाचा सराव करत होते, म्हणून फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातल्या पहिल्या हृदयरोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, भारतातलं पहिलं हृदयरोपण मुंबईत होऊ शकलं. तो रुग्ण काही तासांतच गेला. पण परळच्या एका म्युनिसिपल इस्पितळात हे धाडस झालं, याचा अभिमान आपण बाळगायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो.

मेंढीचं उदाहरण घेऊ. तिचं हृदय आकाराने माणसाच्या जवळपास, स्वभाव शांत, म्हणून झडपांसाठी मेंढी. पण मेंढी रवंथ करणारी. भूल देऊन आडवी केली की पोटात वायू साठून पोट टम्म फुगतं, छातीवर दाब येतो आणि श्वास कोंडतो. पोटातलं पाणी घशाशी येऊन फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया ठरलेला. म्हणून आदल्या दिवसापासून चारा बंद, आणि भूल दिल्याबरोबर एक नळी श्वासनलिकेत आणि दुसरी थेट पोटात. डुकराच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या माणसासारख्या, म्हणून स्टेंटसाठी डुक्कर. पण त्याचा स्वरयंत्राचा भाग लांब आणि अरुंद, नळी घालताना भल्याभल्यांना घाम फुटतो, आणि हृदयाला जरा धक्का लागला की ठोके बिघडतात. सशाला आणि उंदराला उलटीच होत नाही, म्हणून त्यांना उपाशी ठेवायची गरज नाही, उलट ससा उपाशी राहिला तर त्याचं पोटच बंद पडतं. पाव किलोच्या उंदराच्या सगळ्या अंगात मिळून रक्त किती? पंधरा-सोळा मिलिलिटर. म्हणजे आपल्या तीन चमच्यांएवढं. अर्धा चमचा सांडला तरी आम्ही काळजीत पडतो. त्याच्या रक्तवाहिन्या शिवायला सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धागा लागतो.

पण सुरी हा कामाचा छोटा भाग. मोठा भाग सुरू होतो तो रात्री. मेंढी हे भक्ष्य होणारं जनावर. जंगलात जो लंगडतो त्याला लांडगा आधी धरतो, म्हणून दुखणं लपवणं तिच्या रक्तातच आहे. ती ओरडत नाही, कण्हत नाही. मग तिला दुखतंय हे कळणार कसं? आमच्याकडे एक परिचर होता, तेलंगणातल्या कुरुमा समाजातला, म्हणजे आपल्याकडचा धनगर म्हणा ना. शाळा फारशी झालेली नाही. एका रात्री मॉनिटरवर सगळे आकडे ठीक दिसत असताना तो मला म्हणाला, "सार, ती रवंथ करत नाही. आणि कळपाकडे बघत नाही." आम्ही तपासलं, वेदनाशामकाची मात्रा वाढवली, तासाभरात ती रवंथ करू लागली. त्यानंतर आमच्या नोंदवहीत 'रवंथ' असा एक रकाना कायमचा आला. मेंढी एकटी राहिली की घाबरते, म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या मेंढीला शेजारची मेंढी दिसेल अशी व्यवस्था करायची, हेही त्याचंच. उंदरांसाठी आता शास्त्रज्ञांनी चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी केली आहे, २०१० साली ती प्रसिद्ध झाली. डोळे किती मिटलेत, कान कसे वळलेत, गाल कसे फुगलेत, यावरून गुण द्यायचे. आमच्या त्या परिचराला मेंढीचा चेहरा त्याआधीपासून वाचता येत होता.

कुणी म्हणेल, हे सगळं दयेपोटी. दया हवीच. पण वेदनेत असलेल्या जनावराचं रक्तदाबापासून प्रतिकारशक्तीपर्यंत सगळं बदलतं. त्याच्यावर घेतलेली मोजमापं खोटी निघतात, आणि खोट्या मोजमापावर उद्या माणसाला औषध दिलं जातं. म्हणजे इथे दया आणि शास्त्र यांची वाट एकच आहे.

एक गोष्ट मी लपवणार नाही. बहुतेक अभ्यासांच्या शेवटी ठरलेल्या दिवशी त्या जनावराला वेदनारहित मृत्यू दिला जातो, कारण झडपेभोवती काय झालं हे आतून पाहावं लागतं. ज्या मेंढीला तीन महिने हाताने चारा दिला तिला त्या दिवशी आणायची वेळ येते. ते काम मी कधी नवख्या मुलावर टाकलं नाही. घरी गेल्यावर बायको ओळखायची आणि काही विचारायची नाही. तीस वर्षांत त्याची सवय झाली नाही, आणि ज्याला सवय झाली त्याने हे काम सोडावं, असं माझं मत आहे.

आता कायद्याविषयी. 'मनाला येईल तसं कापतात' असा अनेकांचा समज असतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारची समिती आहे, पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. १९९८ साली नियम झाले. प्रत्येक संस्थेची नोंदणी लागते आणि प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिशास्त्र समिती लागते. किती प्राणी, कशासाठी, इतकेच का, भूल कोणती, वेदनाशामक कोणतं, हे सगळं आधी लिहून द्यायचं. मेंढी, डुक्कर, कुत्रा अशा मोठ्या प्राण्यांचा प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातो. या स्थानिक समितीत शास्त्रज्ञ आणि पशुवैद्यक असतातच, पण एक सदस्य शास्त्रज्ञ नसलेला, समाजाचं भान असलेला असावा लागतो. हे मुद्दाम सांगतो, कारण या सभागृहात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेतली माणसं आहेत. "हे दहाऐवजी सहा उंदरांत का होणार नाही?" हा साधा प्रश्न बहुतेक वेळा तोच सदस्य विचारतो, आणि आम्हा तज्ज्ञांना पुन्हा गणित मांडायला लावतो. कधी कुठल्या संस्थेकडून विचारणा झाली तर 'मला त्यातलं काय कळतं' म्हणून नाकारू नका.

१९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रं सांगितली. प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता आलं तर ते वापरा, कमीत कमी प्राणी वापरा, आणि त्रास कमीत कमी होईल अशी पद्धत ठेवा. आपल्याकडे त्यात पुनर्वसन हे चौथं जोडलं गेलं. आज यातलं पहिलं सूत्र झपाट्याने पुढे जातं आहे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारतात २०१४ साली बंद झाली, आणि ते योग्यच झालं. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेने आणि २०२३ मध्ये भारताने नियम बदलून औषधांच्या बाबतीत पेशींवरच्या आणि संगणकावरच्या पर्यायी चाचण्यांना वाट करून दिली. मला कुणी विचारतं, "मग तुमचा धंदा बसणार की!" बसला तर मी पेढे वाटीन. पण झडप धडधडत्या हृदयात वर्षभर कशी वागते, तिच्याभोवती मांस कसं वाढतं, गुठळी होते की नाही, हे अजून बशीतल्या पेशींना सांगता येत नाही. ते येईपर्यंत जे प्राणी लागतील त्यांच्यासाठी चांगला सर्जन लागणारच. कच्च्या हाताच्या सर्जनला दहा मेंढ्या लागतात तिथे चांगल्याला सहा पुरतात. म्हणजे हातातलं कौशल्य हेही जीव वाचवण्याचंच साधन.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो. होय, यात करिअर आहे. 'नीट' देऊन बीव्हीएस्सीला जायचं, आंतरवासितेसह साडेपाच वर्षं. आपल्या महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथे महाविद्यालयं आहेत आणि इथे हैदराबादेत राजेंद्रनगरला आहे. मग शल्यचिकित्सेत दोन वर्षांची एमव्हीएस्सी. काम कुठे? आपल्याच शामीरपेटच्या पलीकडे जीनोम व्हॅलीत, बंगळुरूला, अहमदाबादला, पुण्याला. २०११ साली भारताच्या प्रयोगशाळांच्या चाचण्या जगातल्या प्रमुख देशांनी मान्य करण्याचा करार झाला, तेव्हापासून इथे केलेला अभ्यास परदेशातही चालतो. ज्यांना डॉक्टर व्हायचं नाही त्यांच्यासाठी तंत्रज्ञाची कामं आहेत. तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचे तंत्रज्ञ वर्षानुवर्षं तयार केले, त्यातले अनेक आज देशभर चांगल्या जागी आहेत.

दोन-तीन सूचना मात्र ऐका. पदवीनंतर लगेच वातानुकूलित प्रयोगशाळेत शिरू नका. आधी दोन वर्षं गावात काढा, रात्री दोन वाजता कंदिलाच्या उजेडात अडलेली म्हैस सोडवा. तिथे हात तयार होतो आणि मालकाच्या डोळ्यांतली काळजी कळते. प्रयोगशाळेतल्या जनावराला मालक नसतो, ती काळजी तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांत आणावी लागते. दुसरं, नोंदी ठेवायला शिका. लिहिलं नाही ते झालंच नाही, असा आमच्याकडचा दंडक आहे. तिसरं, शवविच्छेदन करणाऱ्याशी मैत्री करा. आपल्या टाक्याचा खरा निकाल तोच देतो. आणि पालकांनो, मुलीला हे क्षेत्र नको म्हणू नका. सूक्ष्मदर्शकाखाली माझ्याहून सुबक टाके घालणाऱ्या तीन जणी माझ्या हाताखाली शिकल्या, आणि आता मीच त्यांना शंका विचारतो.

वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण झालं का? मला नाही वाटत. धडधाकट जनावरावर सुरी चालवण्याचा हक्क मला कुणी दिला, याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्यापुरतं एवढंच ठरवलं होतं की टेबलावर येणारा प्रत्येक प्राणी हा माझा रुग्ण आहे, कुठलाही आजार नसला तरी. आणि त्याच्याकडून जे घ्यायचं ते एकदाच, नीट, आणि वाया जाऊ न देता घ्यायचं.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणाच्या तरी छातीत झडप आहे, कुणाच्या स्टेंट आहे, कुणाच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे. या दहा दिवसांत बाप्पांपुढे त्यांच्यासाठी हात जोडताना त्या मुक्या प्राण्यांचीही एकदा आठवण करा, एवढीच विनंती.

 गणपती बाप्पा मोरया!